पाच व्होल्ट, तीन अँपिअर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने व्होल्ट-अँपिअरवर लिहावे याचे काहींना हसू येईल. ती सायन्सवाल्यांची बाब, असे मीही समजत होतो. त्या समजुतीपायी माझी अकरा गाणी गेली.

गेल्या श्रावणात आजीकडून कानबाईची अहिराणी गाणी म्हणवून घेतली आणि मोबाईलवर उतरवली. घरी रास्पबेरी पाय ४ आहे. पत्त्याच्या पानाएवढ्या बोर्डावर अख्खा संगणक. गाणी त्याच्या मेमरी कार्डात ठेवली व मोबाईलमधून पुसली. सप्लाय वेगळा घेतला नव्हता. दुकानदार म्हणाला होता, "मोबाईलचा कोणताही चार्जर चालतो." पैसे वाचले म्हणून मलाही बरेच वाटले. पडद्याच्या कोपऱ्यात मधूनमधून विजेचे पिवळे चिन्ह चमके, ती मला नक्षी वाटे! एके दिवशी संगणक आपोआप बंद होऊन सुरू झाला, पुन्हा बंद झाला, आणि मग उठलाच नाही. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज तुटली की आतली मांडणी बिघडते, हे नंतर कळले.

वडील चौथी शिकलेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लाईट कमी येस का रे?" कमी दाबाने विहिरीवरची मोटर जळते, हे त्यांना पक्के ठाऊक. मी शिकलेला, मला ते सुचले नाही.

बोर्डाला पाच व्होल्ट लागतात. दाब ४.६३ च्या खाली गेला की ते चिन्ह दिसते. पाय ४ साठी ३ अँपिअरचा सप्लाय हवा. माझ्या चार्जरवर २ छापले होते. त्यात तार बारीक. आमच्या पारोळ्याकडे कपाशीचे ठिबक ज्याने पाहिले आहे, त्याला हे समजावयास नको. नळी लांब नि बारीक असली की टोकाच्या झाडाला पाणी पोचत नाही. तारेचा रोध ०.२ ओहम धरला, तर २ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच जिरतात, पाचाचे ४.६ उरतात. कंपनीचा सप्लाय म्हणूनच ५.१ व्होल्ट देतो व त्याची तार जाड, कायमची जोडलेली असते.

वॅटचा मोठा आकडाही फसवा. ६५ वॅटच्या पुष्कळ चार्जरवर ५ व्होल्टांपुढे ३ अँपिअरच असतात. बाकी ताकद वरच्या व्होल्टांवर. २०२३ साली आलेल्या पाय ५ ला पुरते ५ अँपिअर हवेत. जास्त अँपिअरची भीती मात्र नको, बोर्ड लागेल तेवढेच ओढतो.

तेव्हा नुसत्या बोर्डाची किंमत सांगून 'स्वस्त संगणक' म्हणणे मला पटत नाही. उद्या आपल्या मराठी विभागाने अहिराणी ध्वनिमुद्रणासाठी असा संगणक घेतला, तर अंदाजपत्रकात सप्लायचे कलम वेगळे असावे. काटकसर करायचीच तर कीबोर्ड जुना घ्यावा.

नवा सप्लाय आणल्यापासून ते चिन्ह दिसलेले नाही. आजीने सात गाणी पुन्हा म्हटली. उरलेली चार कानबाई बसल्याशिवाय आठवायची नाहीत, म्हणते.