कुंपणात करंट सोडू नका

आसपास दोन-चार घरफोड्या झाल्या की माणसं घाबरतात आणि भलत्याच तयारीला लागतात. कोणी उशाशी तलवार ठेवतं, कोणी कुंपणाच्या तारेला घरातली वीज जोडून मोकळं होतं. तलवारीचं पुढे बघू, पण करंट मात्र सोडूच नका, ही हात जोडून विनंती.

घरातला पुरवठा २३० व्होल्टचा. तार ओल्या गवताला टेकली की चोर कोण आणि साव कोण, हे तिला कळत नाही. रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटने शेतकरी नाहीतर त्याच्याच घरचं कोणीतरी दगावल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. घराच्या कुंपणाला तर पहाटे दूधवाल्याचा हात लागणार, संध्याकाळी चेंडू शोधणाऱ्या पोराचा. आणि मेला तो खरोखर चोर असला, तरी गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो.

कायदा घरमालकाला वाऱ्यावर सोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ नुसार सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणाऱ्याला रोखताना प्रसंगी त्याचा जीव गेला, तरी तो बचाव ठरू शकतो. पण कलम ३७ सांगतं, गरजेपुरतंच बळ वापरा. पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत घातलेला घाव त्यात बसवणं अवघड. शिवाय झोपेतून दचकून उठलेल्या माणसाच्या हातात तलवार असली, तर अंधारात पाणी प्यायला उठलेला मुलगाही चोरच दिसतो.

त्यापेक्षा दाराकडे बघा. ‘कडीकोयंडा उचकटून’ हे शब्द घरफोडीच्या बातमीत हमखास असतात, ते उगाच नाही. पाच हजारांचं कुलूप आणि कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर! पहारीच्या एका हिसक्यात तो कुलपासकट हातात येतो. कोयंड्याला आरपार बोल्ट घालून आतून नट आवळून घ्या, किंवा दारातच बसणारं, बाहेर काही न दिसणारं कुलूप लावा. रात्री आतून अडसर घाला. आजोबांच्या वाड्यात होता, तो उगाच नव्हता. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टची खिडकी आणि गच्चीचं दार बहुतेक जण विसरतात, चोर विसरत नाही. किल्ली तुळशीखाली ठेवायची सवय त्यालाही ठाऊक असते.

अंगणात सेन्सरचा दिवा लावा. कॅमेरा लावलात तर डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोही घेऊन जातो. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. गावाला जाताना पेपर आणि दूध बंद करा, आणि फोटो स्टेटसला टाकायचे ते परत आल्यावर.

शेजारी मात्र हवेतच. चोर आधी शेजारच्या घरांना बाहेरून कड्या घालतात, मग आरडाओरडा ऐकूनही कोणाला बाहेर पडता येत नाही. म्हणून दोन घरं सोडून राहणाऱ्याचाही नंबर जवळ ठेवा. चाहूल लागली तर घरच्यांना एका खोलीत घ्या, आतून कडी लावा, दिवे लावा, ओरडा, ११२ फिरवा. चोराला अंधार आणि शांतता हवी असते, ती देऊ नका. तो पळाला तर पळू द्या.

आणि सापडला तर? बसवून ठेवा, पोलिसांना बोलवा. सामान्य माणसाने पकडलेल्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं, असं कायदाच सांगतो. मारहाण नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी समजून मारलेले ते पाच जण भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी होते. २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक असेच अफवेपायी गेले. गस्त घालायची तर गावच्या ग्रामसुरक्षा दलातून, पोलीस ठाण्याला कळवून घाला. हातात बॅटरी आणि शिट्टी पुरते.

तारेला वीज जोडलेली असेल, तर ती आजच उतरवा. स्वतः हात घालू नका, वायरमनला बोलवा.