मैत्रीपूर्ण स्पर्धा, फक्त इंग्रजीत

गेल्या वर्षी चेन्नईतल्या एका साहित्य महोत्सवात मी एका परिसंवादाचं सूत्रसंचालन केलं. विषय होता ‘चेन्नई विरुद्ध बंगळुरू : एक मैत्रीपूर्ण स्पर्धा’. व्यासपीठावर चौघं होती, चौघंही इंग्रजीत लिहिणारी. पाऊण तास गप्पा रंगल्या. तुमचं सांबार गोड, आमचं तिखट. तुमची हवा छान पण रस्त्यावरून पुढे सरकता येत नाही, आमच्याकडे समुद्र आहे पण घाम पुसण्यातच दिवस जातो. तुम्ही एक कॉफी दोघांत वाटून पिता, आम्ही डबऱ्यात ओतून एकटे पितो. सभागृह खळखळून हसत होतं. मीही हसले, मानधनाचं पाकीट घेतलं आणि घरी आले. हा लेख म्हणजे त्या हसण्याचा उशिरा केलेला निषेध. त्यात माझंही हसणं धरलेलं आहे.

माझं म्हणणं इतकंच, की ही स्पर्धा मैत्रीपूर्ण आहे ती इंग्रजीत. तमिळ आणि कन्नडमध्ये ती तशी नाही. तिथे कधी दगडफेक असते, कधी हेवा, आणि एरवी नुसता अबोला.

मराठी माणसाला हे चटकन कळत नाही, कारण आपल्या डोक्यात मुंबई-पुणे असतं. पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची जी टर उडवली, तिला तिन्ही गावं हसली. टोमणा मारणारा आणि खाणारा एकाच भाषेत वाढलेले होते. दुपारी एक ते चार दुकान बंद, यावरचा विनोद पुणेकराला मुंबईकराइतकाच कळतो, आणि उलट टोला हाणायला त्याच्यापाशी तीच भाषा असते. चेन्नई आणि बंगळुरूमध्ये रेल्वेने चार-साडेचार तासांचं अंतर आहे, पण चेन्नईकराने तमिळमध्ये मारलेला टोमणा बंगळुरूच्या कन्नड घरात पोचतच नाही. पोचला तर तो टोमणा राहत नाही, बातमी होते.

रजनीकांतचंच बघा. बंगळुरूत जन्म, घरात मराठी, नाव शिवाजीराव गायकवाड, तिथल्याच शहर बसमध्ये कंडक्टर, आणि पुढे चेन्नईचा देव. आपल्याकडे या माणसाचा उल्लेख छाती फुगवून होतो, तेवढ्यावर आपण थांबतो. २००८च्या एप्रिलमध्ये होगेनक्कल पाणी योजनेच्या वादात चेन्नईत तमिळ चित्रपटसृष्टीने उपोषण केलं. तिथे तो तमिळमध्ये तिखट बोलला. ऑगस्टमध्ये त्याचा ‘कुसेलन’ येणार होता. कर्नाटकात चित्रपट अडवण्याची भाषा सुरू झाली आणि त्याला कन्नड प्रेक्षकांपुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. मग तमिळ बाजूने विचारलं, माफी का मागितलीस? दोन्ही शहरांचा आणि दोन्ही भाषांचा म्हणावा असा हा एकच माणूस, आणि त्यालाही एका भाषेतलं वाक्य दुसऱ्या भाषेत सुखरूप नेता आलं नाही. अनुवादक म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

पाण्याचा विषय परिसंवादात निघाला नाही. मीच काढला नाही. ‘वातावरण हलकं ठेवा’ असं मला आधी सांगितलं होतं. खरं तर ही दोन शहरं एकाच नदीचं पाणी पितात. बंगळुरू कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून उपसून वर चढवतं. चेन्नईला ते वीराणम तलावातून, दोनशेहून अधिक किलोमीटरच्या नळातून येतं. मैसूर संस्थान आणि मद्रास इलाखा यांच्यात या नदीवरून १८९२ आणि १९२४ साली करार झाले, आणि तंटा आजही चालू आहे. १९९१ साली बंगळुरूत तमिळ वस्त्यांवर हल्ले झाले. २०१६च्या सप्टेंबरात तिथेच तमिळनाडूच्या बसगाड्या जाळल्या गेल्या. १६ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा वाटा १९२ टीएमसीवरून १७७.२५वर आणला. जे पाणी कर्नाटकाला वाढवून मिळालं, त्यातलं ४.७५ टीएमसी बंगळुरूच्या तहानेसाठी होतं.

त्याच एप्रिलमध्ये चेन्नईत आयपीएलचा एक सामना झाला, निदर्शनं झाली, मैदानात बूट भिरकावले गेले, आणि चेन्नईच्या संघाचे उरलेले घरचे सामने हलवले गेले ते थेट पुण्याजवळ गहुंजेला. चेन्नईहून चाहत्यांची खास रेल्वेगाडी सुटली. आणि मुंबई उच्च न्यायालयाने गहुंजेच्या मैदानाला पवनेचं पाणी वापरायला मनाई केली! पाण्यावरून पळालेला सामना पाण्यापाशीच येऊन अडला. ५ मे रोजी चेन्नई विरुद्ध बंगळुरू हा सामना गहुंजेत झाला, दोन्ही शहरांपासून शेकडो किलोमीटर दूर, आणि चित्रवाणीवर सगळे त्याला मैत्रीपूर्ण वैर म्हणत होते.

आता पुतळ्यांकडे येते, कारण तिथे माझी स्वतःची चूक आहे. बंगळुरूत अलसूर भागात तिरुवळ्ळुवरांचा पुतळा १९९१पासून गुंडाळलेल्या अवस्थेत उभा होता. अठरा वर्षं त्याचं अनावरण होऊ शकलं नाही. शेवटी तोड निघाली ती देवाणघेवाणीची. ९ ऑगस्ट २००९ला तिकडे वळ्ळुवर उघडे झाले, आणि चारच दिवसांनी, १३ ऑगस्टला, इकडे चेन्नईत अयनावरमच्या उद्यानात कन्नड संतकवी सर्वज्ञ उभे राहिले. दोन्ही मुख्यमंत्री दोन्हीकडे हजर. कल्पना चांगलीच होती. मी उपहासाने म्हणत नाही; दगडफेकीपेक्षा दगडाचे कवी केव्हाही बरे.

मी त्या उद्यानात गेले तेव्हा बाकावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं, हे कोण? ते म्हणाले, “कन्नडक्कारर. त्यांचे वळ्ळुवर.” काय लिहिलंय त्यांनी? आजोबांनी हात उलटे केले. मी मनात त्यांना हसले. वास्तविक मला हसायचा काहीही अधिकार नव्हता. काही वर्षांपूर्वी एका संकलनासाठी मी सर्वज्ञांची पाच वचनं मराठीत केली होती, इंग्रजीवरून. इंग्रजी अनुवादकाने ती चार ओळींत बसवली होती, म्हणून मीही चार ओळींत बसवली. सर्वज्ञ त्रिपदी लिहितात. तीन ओळी! वळ्ळुवरांच्या दोन, सर्वज्ञांच्या तीन; या दोन कवींत शाळकरी पोरालाही सांगता येईल असा हा फरक आहे, आणि तौलनिक साहित्यात एम. ए. केलेल्या बाईने तो पुसून टाकला. संकलनाच्या संपादकांना कळलं नाही, वाचकांना कळलं नाही. मला कळलं ते मैसूरच्या एका मैत्रिणीने फोनवर मूळ वचनं म्हणून दाखवली तेव्हा.

याच्या नेमकं उलट वागलेली माणसं आहेत. पावण्णन हे तमिळ लेखक नोकरीच्या निमित्ताने कर्नाटकात गेले, कन्नड शिकले, आणि भैरप्पांचं ‘पर्व’ त्यांनी थेट तमिळमध्ये आणलं. के. नल्लतंबी दोन्ही दिशांनी ये-जा करतात. नेमिचंद्र यांच्या ‘याद वाशेम’ या कन्नड कादंबरीच्या तमिळ अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोन शहरांच्या नात्यावर बोलायचा खरा हक्क या लोकांचा. आमच्या व्यासपीठावर त्या जातीचं कोणी नव्हतं, आणि यादी बघताना मला ते खटकलंही नव्हतं.

मराठीत हे काम झालेलं आहे, म्हणून मला जास्त लाज वाटते. साने गुरुजी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात होते तेव्हा तमिळ शिकले आणि त्यांनी ‘कुरळ’ मराठीत आणलं. उमा कुलकर्णींनी पुण्यात बसून कारंत आणि भैरप्पा मराठीत आणले. विरुपाक्ष कुलकर्णी कन्नड वाचून दाखवत, त्या ऐकत आणि लिहीत. हे चाललं होतं तेव्हा बेळगावचा प्रश्न काही मिटलेला नव्हता. तो तसाच धुमसत असताना ही पुस्तकं येत होती, आणि मराठी घरांत भैरप्पा वाचले जात होते.

“पण इंग्रजी ही तटस्थ जागा आहे,” असं माझे महोत्सवी मित्र म्हणतील. आहे ना. तटस्थ जागेत घराचं भाडं, पाण्याचा टँकर, जाळलेली बस यांतलं काहीच येत नाही. २०१९च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले तेव्हा बंगळुरूहून मला इंग्रजीत विनोद आले. २०२४च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या बोअरवेली कोरड्या पडल्या तेव्हा चेन्नईहून तिकडे गेले. त्यातला एक मीही पुढे ढकलला होता. आमच्या गल्लीत टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका तमिळमध्ये जे बोलत होत्या, त्यात विनोद नव्हता.

यंदा त्याच महोत्सवाचं पुन्हा निमंत्रण आलं. विषय तोच, लोकाग्रहास्तव. मी कळवलं, की तमिळ-कन्नड थेट अनुवाद करणारं एक तरी माणूस बोलवा आणि अर्धा वेळ त्या दोन भाषांना द्या. माझं मानधन त्यांना द्या. उत्तर आलं, की श्रोत्यांना कळणार नाही. मी लिहिलं, दुभाषी बसवा, दोघांची नावं मी देते. त्याला आता तीन आठवडे झाले.