मजूरभरतीची सूत्रे कोणाच्या हाती?

जबलपूर शहरात 23 ऑगस्ट 2025 रोजी मदनमहाल ते दमोह नाका या सुमारे सात किलोमीटर लांबीच्या उड्डाणपुलाचे थाटामाटात उद्घाटन झाले. पुलाचा खर्च एक हजार कोटी रुपयांहून अधिक. अशा समारंभांत मंत्र्यांची नावे घेतली जातात, कंपन्यांचे कौतुक होते. परंतु ज्या हातांनी सळया वाकवल्या, सेंट्रिंग ठोकले आणि काँक्रीटची घमेली उचलली, त्या हातांना काम कोणाच्या मार्फत मिळाले आणि त्या ‘मार्फत’ची किंमत कोणी चुकवली, हा प्रश्न तेथे कधीच विचारला जात नाही. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 21 नोव्हेंबर 2025 रोजी, केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. आता तर हा प्रश्न टाळणे म्हणजे कामगारवर्गाशी प्रतारणा ठरेल.

जबलपूर ही महाकोशलातील मजुरांची मोठी बाजारपेठ आहे. मंडला, डिंडोरी, सिवनी आणि बालाघाट या जिल्ह्यांतील गोंड, बैगा आदिवासी व भूमिहीन शेतमजूर कामाच्या शोधात येथे उतरतात. त्यांच्यापैकी अनेक जण पुढे नैनपूर-गोंदिया मार्गाने विदर्भात, नागपूरच्या इमारतींवर पोहोचतात. ही मजुरांची फौज आकाशातून पडलेली नाही. नर्मदेवरील बरगी धरण 1990 मध्ये पूर्ण झाले आणि दीडशेहून अधिक गावांना त्याची झळ बसली. कालचे शेतकरी जबलपूरच्या रस्त्यांवर रिक्षा ओढू लागले, बिगारी बनले. विकासाने ज्यांची जमीन हिरावली, त्यांचीच श्रमशक्ती पुढच्या विकासासाठी स्वस्तात उपलब्ध झाली.

येथेच मजूर पुरवणारा ठेकेदार अवतरतो. पावसाळ्यात घरातील धान्य संपते, तेव्हा तो गावात येतो आणि हातावर काही रक्कम ठेवतो. महाराष्ट्रात जिला ‘उचल’ म्हणतात, तीच महाकोशलातील ‘पेशगी’. त्या क्षणापासून मजूर आपले श्रम बाजारभावाने विकण्यास मोकळा राहत नाही. हजेरीपट ठेकेदाराच्या हाती, हिशेब ठेकेदाराच्या हाती आणि परतीचे भाडेही त्याच्याच हाती! रेजांची मजुरी तर पुष्कळदा नवऱ्याच्याच नावावर मांडली जाते.

हे आरोप हवेतले नाहीत. दिल्लीत 1982 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी बांधकामे चालू असताना पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने तेथील मजुरांची स्थिती सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. किमान वेतन दिवसाला 9 रुपये 25 पैसे होते. कंत्राटदार ही रक्कम जमादाराकडे देत. जमादार माणशी एक रुपया दलाली कापून घेई आणि मजुराच्या हातावर 8 रुपये 25 पैसे पडत. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणे म्हणजे घटनेच्या 23 व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच होय, असा ऐतिहासिक निर्णय न्यायमूर्ती भगवती यांनी त्या खटल्यात दिला. त्या एका रुपयात साऱ्या मजूरभरतीचे अर्थशास्त्र सामावलेले आहे.

आज जमादाराच्या जागी टाय बांधलेली मनुष्यबळ कंपनी आली आहे. कुशल गवंडी, फिटर, सुतार शोधणे हे तज्ज्ञांचे काम आहे, त्याने वेळ वाचतो आणि काम चोख होते, असा युक्तिवाद बिल्डर करतात. कौशल्याची पारख आवश्यक आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु मालक ज्या वस्तूसाठी पैसे मोजतो ती केवळ पारख नव्हे. काम संपताच मजुरांना वाऱ्यावर सोडण्याची मुभा आणि अपघात घडल्यास ‘ती माणसे आमची नव्हेत’ असे म्हणण्याची सोय, हाच त्या व्यवहाराचा गाभा आहे.

ओरिसातील ‘दादन’ मजुरांच्या यातनांतून 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा जन्मला. मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यावे, विस्थापन भत्ता द्यावा, असे त्यात लिहिले होते. त्याची अंमलबजावणी किती झाली, हे 8 मे 2020 च्या पहाटे देशाने पाहिले. टाळेबंदीत जालन्याहून घराकडे निघालेले, पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील 16 मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांचे मृतदेह विशेष गाडीने जबलपूरमार्गे उमरिया व शहडोलकडे नेण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती नाही, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. ज्यांची नोंदच नाही, त्यांच्या मरणाची मोजदाद होणार कशी?

नव्या संहितेने काय केले? स्वतःहून आलेल्या मजुरालाही स्थलांतरित मानले, हे खरे. परंतु संरक्षणासाठी पूर्वी पाच मजूर पुरेसे होते, तेथे आता दहा हवेत. विस्थापन भत्ता गाळला गेला. आणि 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातील वीस मजुरांची मर्यादा पन्नासवर नेली. चाळीस-चाळीस मजुरांच्या टोळ्या पुरवणारा दलाल यापुढे परवान्याच्या कक्षेबाहेर राहील. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे ते हेच!

यावर पर्याय नाही असे नाही. मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी कामगार टोळीवाल्याच्या मेहेरबानीवर जगत. संघर्षानंतर 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मंडळात कामगार, मालक व सरकार यांचे प्रतिनिधी बसले, कामगार व मालक दोघांचीही नोंदणी झाली, आणि मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. बांधकाम कामगारांसाठी 1996 चा कायदा व उपकर आला खरा, पण भरतीची सूत्रे दलालाच्याच हाती राहिली. उपकराचे तरी काय झाले? 37,400 कोटींहून अधिक रुपये जमा झाले आणि जेमतेम 9,500 कोटी खर्च झाले, हे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच नमूद केले आहे.

म्हणून कामगारवर्गाची मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात बांधकाम मजुरांच्या नोंदणीचे व नेमणुकीचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन करा. कौशल्याची चाचणी तेथेच घ्या. मजुराकडून दलालीचा एक पैसाही कापणे गुन्हा ठरवा. मजुरी, अपघात आणि परतीचा प्रवास यांची जबाबदारी थेट मूळ मालकावर टाका. मजूर पाच असोत वा पाचशे. आणि ही मंडळे सरकारच्या कृपेने उभी राहणार नाहीत, हेही ओळखले पाहिजे. जबलपूरच्या मजूर अड्ड्यापासून नागपूरच्या नाक्यापर्यंत हिंदी, गोंडी, मराठी बोलणाऱ्या कष्टकऱ्यांची एकजूट उभी करणे हे कामगार संघटनांचे आजचे तातडीचे कर्तव्य आहे. माथाडींनी टोळीवाल्याला हटवले; बांधकाम मजूरही दलालाला हटवतील!