बारा खांब आणि आपला अर्धवट हॉल

मुक्काम सध्या मुलाकडे, एडिंबराला. ऑक्टोबर संपत आलाय, झाडं पिवळीधमक, आणि वारा असा की टोपी हाताने धरूनच चालावं लागतं. तरी कॅल्टन हिल मी तीनदा चढलो. मुलगा म्हणतो, "बाबा, इथला किल्ला सोडून परत तिथेच?" अरे, किल्ल्याचं आम्हा ग्वाल्हेरकरांना काय नवल! मला ओढ त्या टेकडीवरच्या बारा खांबांची.

नेपोलियनच्या युद्धांत कामी आलेल्या स्कॉटिश सैनिकांचं हे स्मारक. अथेन्सच्या पार्थेनॉनसारखं अख्खं उभं करायचं होतं. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज आला, त्या धामधुमीत कोनशिला बसली. आवाहन ४२ हजार पौंडांचं, सोळा महिन्यांनी जमले १६ हजारांच्या आसपास. म्हणजे पायाभरणी आधी, वर्गणी मागून. (लष्करातली काही मंडळी हे वाचून गालात हसतील.) १८२६ ला काम सुरू झालं. मोठा दगड वर चढवायचा तर बारा घोडे आणि सत्तर माणसं लागत. १८२९ मध्ये पैसे संपले, काम थांबलं ते कायमचंच. लोक त्याला स्कॉटलंडची नामुष्की म्हणू लागले.

पण पाडलं नाही कुणी. आज त्या चौथऱ्यावर पोरं चढतात, माणसं निवांत बसतात, समोर फोर्थची खाडी दिसते.

आता आपलं. मंडळाचा हॉल इतकी वर्षं स्लॅबविना उभा आहे. एक गट म्हणतो, जागा विका आणि पैसे एफडीत टाका. जन्म बँकेत गेला माझा, व्याजाचं गणित मला कळतं. पण लष्करात तेवढी जागा पुन्हा मिळायची नाही. दुसरा गट म्हणतो, कर्ज काढून तीन मजले पुरे करा. फेडणार कोण? आपली मुलं पुण्यात, बंगळूरला, नाहीतर इथे.

माझं मत असं, की तो मूळ नकाशा गुंडाळून ठेवावा. खालच्या दोन खोल्यांवर पत्रे टाका, वीज घ्या. वाचनालयाची पुस्तकं तीन घरांच्या माळ्यांवर वाळवी खातेय, ती तिथे आणा. गणपती काय, अंगणात मांडव घालून होतोच.

पत्र्यांचा अंदाजखर्च कुणीतरी काढून ठेवा. पहिली वर्गणी माझी. डिसेंबरात परत येतोय, सभा त्यानंतर ठेवा.