मूठभर ज्वारीचा हिशेब



वर्गणीचं पावतीपुस्तक काढलं की कऱ्हाटीतला शेतकरी विचारतो, "मागच्या पैशाचं काय झालं?" आमच्यातल्या कित्येकांना हा प्रश्न झोंबतो. आम्ही म्हणतो, प्रश्न रास्त आहे. जो बियाणं मोजून पेरतो, तो वर्गणीचा रुपयाही मोजूनच देणार.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांनी गोरगरिबांच्या घरातून मूठ-मूठ धान्य मागितलं. दळणाआधी बाईनं एक मूठ बाजूला काढायची, हाच मुष्टिफंड. मूठ देणारीला संस्था आपली वाटली, कारण ते धान्य कुणाच्या पोटात जातं हे तिला ठाऊक होतं. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर वसतिगृहातल्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. घरचंही दिलं आणि लोकांकडेही मागितलं. म्हणूनच १९४८ साली सरकारनं अनुदान रोखलं तरी संस्था मोडली नाही.

चळवळीला सरकारचा पैसा नको, असं आपण छातीठोकपणे सांगतो. मग आपल्याच माणसांपुढे हिशेब मांडायला लाज कसली? पुढाऱ्यानं पहिली पावती स्वतःच्या नावाची फाडावी. भाषण पाच मिनिटांत आटपावं, जमाखर्च मात्र सावकाश, मोठ्यानं वाचावा. दुष्काळी सालात कुणाकडे पैसा नसेल तर शेरभर ज्वारी घ्यावी, पण पावती द्यावीच.

ज्याला हिशेब दिला, त्याच्याच दारी पुन्हा ताठ मानेनं जाता येतं.