सद्गुणी बाईचं शेत

पहाटे उठण्याचा उपदेश कुणी केला की माझं डोकं उठतं, हे या सदराच्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. या रविवारी तो उपदेश ऊसतोडीवरून परतलेल्या पोरींना झाला, म्हणून जरा जास्तच उठलंय.

आमच्या नांदूरघाटला उपासनेनंतर तरुण मुली आणि नव्या सुनांसाठी वर्ग ठेवला होता. शिकवायला शहरातून एक बाई आल्या होत्या. धडा नेहमीचाच. तीताला लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय, म्हणजे वडीलधाऱ्या बायकांनी तरुणींना वळण लावावं. आणि जोडीला नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्गुणी स्त्री.

ही सद्गुणी स्त्री अंधारात उठते, घरच्यांची जेवणं बघते, हे बाईंनी घोळून घोळून सांगितलं. समोरच्या पोरी कारखान्याच्या फडात तीन-चारला उठून भाकऱ्या थापणाऱ्या, दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या, रात्री-अपरात्री ट्रक भरणाऱ्या. उचल घेणार नवरा, हिशेब करणार मुकादम. त्यांना आता आणखी किती लवकर उठवायचं?

तेवढ्यात मागून एकीनं विचारलं, “बाई, ती शेत बी विकत घेती ना? मग ते कुणाच्या नावावर?”

ओसरीत हसू पिकलं. पण पोरीनं अध्याय नीट वाचला होता. ती बाई जमीन पारखून घेते, स्वतःच्या कमाईतून मळा लावते, कापड विणून व्यापाऱ्याला विकते. वर्गात ही वचनं हटकून सुटतात, आणि पहाट मात्र कधी सुटत नाही. बाई म्हणाल्या, “ते पुढच्या वेळी घेऊ. आता पंडिता रमाबाईंचा आदर्श बघू.”

आता रमाबाई म्हटल्यावर मी गप्प बसणार आहे का? त्यांनी स्वतः 1882 साली ‘स्त्रीधर्मनीति’ लिहून बायकांना वळणाचे धडे दिलेच होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, तर मुंबई आणि लाहोरचे बिशप आडवे आले. बाईमाणसाला हे शोभत नाही, हिंदुस्थानात लोक काय म्हणतील! रमाबाईंनी 1885 मध्ये पत्रानं कळवलं की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्यानं अशी हरकत कधी घेतली नव्हती, आणि एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं उतरवलंय ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नाही. वर्गात त्यांची सेवा येते, त्याग येतो, दुष्काळात केडगावला आणलेल्या मुली येतात. हे पत्र येत नाही. पोरींनी उद्या पाळकसाहेबांना लिहिलं तर, ही भीती असावी.

चहाच्या वेळी मी हे सगळं बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, “रमाबाईंची गोष्ट वेगळी हो, त्या अपवाद.” म्हटलं, त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेल्या बायबलचे खिळे केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायका-मुलींनीच जुळवले. त्यातल्या कितीतरी दुष्काळात उपाशीपोटी आलेल्या. त्याही सगळ्या अपवादच का?

बाईंनी चहात साखर कमी असल्याचं सांगितलं.