ग्रंथालयाची वार्ता कोणापर्यंत पोहोचते?

वाचनालयात नवी पुस्तके आली, हे गावाला कळते कसे? दारावरच्या फळ्यावर खडूने चार नावे लिहिली जातात, किंवा ग्रंथपालाच्या ओळखीचे वाचक एकमेकांना सांगतात. म्हणजे जो रोज वाचनालयात जातो त्यालाच तेथील बातमी कळते. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील एखाद्या खेड्यातला शिक्षक, कचेरी सुटल्यावर शेवटची एस. टी. गाठणारा कारकून, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकासाठी वाशीमला खेप घालणारा विद्यार्थी, यांना ती कळतच नाही. आठवड्यातून एकदा खेप घालावी आणि हवे ते पुस्तक अजून आलेले नाही, एवढे ऐकून परतावे, हा त्यांचा नित्याचा अनुभव. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांत घातले. त्याला आता शंभर वर्षे होत आली.

ग्रंथसंग्रहाची वार्ता बाहेर गेली म्हणजे काय घडते, याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यात आहे. कारंज्याच्या जैन भांडारांतील पोथ्या शतकानुशतके तेथेच होत्या. भाविकांनी त्या निष्ठेने जपल्याही होत्या. परंतु रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली नागपुरास प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे विद्वानांच्या जगाला या धनाचा व्यवस्थित परिचय झाला. पुढे १९३१ पासून कारंजा जैन ग्रंथमाला निघू लागली आणि पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’, मुनी कनकामराचे ‘करकंडचरिउ’ अशी अपभ्रंश काव्ये डॉ. प. ल. वैद्य, डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांच्या हातून छापून बाहेर पडली. पोथ्या जुन्याच होत्या. नवी होती ती त्यांची बातमी.

आज अशी बातमी पोहोचविण्यास छापखाना लागत नाही. संकेतस्थळावर नवा मजकूर आला की त्याचे शीर्षक, तारीख व दुवा एका ठरावीक साच्यात आपोआप नोंदविणारी ‘फीड’ नावाची सोय १९९९ पासून प्रचारात आहे. (तिच्या इंग्रजी नावाच्या तीन आद्याक्षरांवरून आपल्याकडे भलताच बोध होण्याचा संभव असल्याने येथे नुसते ‘फीड’ म्हणणे बरे.) वाचकाने आपल्या मोबाइलवर फीड वाचणारे एखादे मोफत अ‍ॅप घ्यावे, हव्या त्या संकेतस्थळांची फीड त्यात एकदा नोंदवावी, की वर्तमानपत्र घरी यावे तशा त्या त्या ठिकाणच्या वार्ता एका जागी येऊन पडतात. वर्डप्रेस किंवा ब्लॉगरवर उभारलेल्या संकेतस्थळाला ही सोय काही न करता मिळते.

यावर कोणी म्हणेल, व्हॉट्सअ‍ॅपचा गट असताना हा खटाटोप कशाला? गटाची सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथे ग्रंथालयाची सूचना सुप्रभाताच्या फुलांखाली आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली तासाभरात गाडली जाते, नव्याने येणाऱ्याला जुने सहसा दिसत नाही, आणि आपला दूरध्वनी क्रमांक अनोळखी शेकडो लोकांपुढे ठेवावा लागतो. फेसबुकवर तर कोणाला काय दाखवावयाचे हे तिसराच कोणी ठरवितो. फीडला असा मालक नाही. गूगलने आपले लोकप्रिय फीड-वाचक १ जुलै २०१३ रोजी बंद केले तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. पण फीड बंद पडल्या नाहीत, वाचक दुसऱ्या साधनांकडे गेले. सार्वजनिक संस्थेने आपली वार्ता कोणत्या वाटेने पाठवावी, याचा विचार करताना हा फरक दृष्टिआड करणे परवडणारे नाही.

न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयांनी स्वतःसाठी करवून घेतलेली ‘कोहा’ ही संगणक-प्रणाली जानेवारी २००० मध्ये सुरू झाली आणि त्यांनी ती सर्वांना मोफत खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भारतातही अनेक महाविद्यालयांची ग्रंथालये ती वापरतात. तिच्या तालिकेत एखाद्या विषयाचा शोध घेतला की त्या शोधाचीच फीड मिळते; त्या विषयाचे नवे पुस्तक नोंदले गेले की वाचकाला ते समजते. ही प्रणाली आहे, पण हा गुण आजवर कोणी विद्यार्थ्यांना दाखविलेला नाही, अशी ग्रंथालये थोडी नसतील.

पॉडकास्ट हे याच फीडचे बोलके रूप. फीडमधून मजकुराऐवजी ध्वनिफीत येते, एवढाच भेद. घरी नेट असताना ती उतरवून घ्यावी आणि मंगरुळपीर-कारंजा प्रवासात, नेट नसतानाही, ऐकावी. आकाशवाणीच्या अकोला केंद्राची वेळ ज्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली त्या श्रोत्यांना येथे वेळेचेही बंधन नाही. तालुक्याच्या ग्रंथपालाने महिन्यातून एकदा दहा मिनिटे, आलेल्या पाच पुस्तकांविषयी, आपल्या वऱ्हाडी वळणाच्या बोलीत सांगितले तर ते ऐकणारे मिळतील. त्यासाठी ध्वनिमुद्रणगृह नको; खोलीचे दार लावले आणि पंखा बंद केला तरी पुरे.

अडचण आहे ती माणसाची. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड असे वर्ग झाले. त्यांतील ड वर्गाच्या ग्रंथालयाचा सारा भार बहुधा एकाच व्यक्तीवर असतो. अनुदानात ६० टक्के वाढ झाल्यानंतरही तिच्या हाती पडणारे मानधन कुटुंब चालण्याइतके नाही. तिने आता संकेतस्थळही सांभाळावे, असे सांगणे सोपे आणि अन्यायाचे आहे. म्हणून आरंभ वरून व्हावा. शासनमान्य ग्रंथांची यादी, तिच्यावरील हरकतींची मुदत, अनुदानाची परिपत्रके, जिल्हा ग्रंथोत्सवाच्या तारखा या साऱ्यांची एक फीड ग्रंथालय संचालनालयाने जिल्हावार द्यावी, आणि परिपत्रके शोधता येतील अशा मजकुराच्या रूपात द्यावीत, छायाचित्रासारखी नव्हेत. हरकतीची मुदत संपल्यावर यादी हाती येणाऱ्या खेड्यातील ग्रंथपालाला मत असते, पण ते नोंदविण्याची संधी नसते.

जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत महाविद्यालये आहेत. त्यांच्या ग्रंथपालांनी शेजारच्या एकेका सार्वजनिक वाचनालयाची फीड चालू करून द्यावी, आणि पुढच्या ग्रंथोत्सवात ग्रंथदिंडी व उद्घाटनाची भाषणे झाल्यावर एक तास शिल्लक राहिलाच, तर शिक्षकांच्या मोबाइलवर ती नोंदवून द्यावी. एका माणसाला पाच मिनिटे लागतात.